सुलट्या आट्यांची इटालियन सायकल

सायकलीला तेल कुठे घालतात हे ठाऊक नसलेल्या माणसांनी मला तीस वर्षं सायकल शिकवली. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आधीच रोग आणि औषध दोन्ही सांगून मोकळं व्हायचं. "मिस्त्री, विशेष काही नाही, जरा चेन ओढून द्या." एक बँकेतले साहेब होते. ब्रेक कुरकुरतात म्हणून त्यांनी दोन्ही रिमांना खोबरेल तेल चोळलं, आणि हनुवटीला पट्टी बांधून माझ्याशी भांडायला आले की तुम्ही ब्रेक बिघडवले. एका मास्तरांनी नव्या सायकलीच्या नळ्यांवरचा कागद सात वर्षं काढू दिला नाही. आठव्या वर्षी कागदाखाली फक्त गंज शिल्लक होता, आणि कंपनीने फसवलं म्हणून ते गावभर सांगत होते.

अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान होतं. लोक पंक्चरवाला म्हणत. पंक्चर तर हवा भरायचा पंप असलेला कुणीही काढतो. माझं खरं काम चाक बांधायचं. सुटे स्पोक, सुटी रिम, सुटा हब घेऊन त्यातून जे चाक मी उभं करायचो, ते फिरवून पाहताना रिम हलते की नाही हे कळू नये, इतकं सरळ. कर्जत लाइनीवर माझ्यासारखं चाक कुणी बांधत नाही असं मी म्हणायचो, आणि दुसरं कुणी म्हणेना म्हणून जरा जास्तच म्हणायचो.

आणि एक गोष्ट आणखी म्हणायचो. ती आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच झालं. उल्हासनगरच्या कॅम्पातून, म्हणजे सिंधी निर्वासितांच्या वस्तीतून, आलेला माल म्हटला की मी नाक मुरडायचो. कुणी तिथून घेतलेली बेल बसवायला आणली तर मी ती दोन बोटांत धरून सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवायचो आणि म्हणायचो, "कॅम्पातली आहे. वाजली तर नशीब." लोक हसत. मलाही वाटे, आपण फार विनोदी आहोत.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. एका सकाळी जवळच्या रंगाच्या कारखान्याची जीप दुकानासमोर थांबली आणि सबनीस साहेब उतरले. कारखान्याचं स्टोअर आणि भंगार त्यांच्या हातात होतं, म्हणजे अर्धा कारखाना त्यांच्या हातात होता. ड्रायव्हरने मागून एक सायकल उतरवली. मी हातातला स्पॅनर खाली ठेवला.

फ्रेम काय होती! नळ्या बोटाएवढ्या वाटाव्यात इतक्या सडपातळ, सांध्यांवर नक्षीचे कोपरे, खाली वळलेलं हँडल, आणि उचलली तर भरल्या कळशीपेक्षा हलकी. वर गंज, कोळिष्टकं आणि कांद्याच्या साली.

"इटालियन आहे," साहेब म्हणाले. "आमच्या मशिनरी उभ्या करायला ब्रुनो साहेब आले होते, वीस वर्षं झाली. रोज सकाळी बारवी धरणापर्यंत जाऊन यायचे हिच्यावर. परत जाताना मला भेट दिली. म्हणाले, सबनीस, हिला चालवत राहा."

"आणि तुम्ही?"

"आम्ही जपून ठेवली."

कांद्याच्या पोत्यांखाली जपून ठेवली होती. वीस वर्षं. आता हेच ब्रुनो साहेब नव्या प्लांटच्या कामासाठी फेब्रुवारीत दोन आठवडे येणार होते, आणि साहेबांना सायकल अशी हवी होती की जणू ते स्वतः रोज तिच्यावर बसून वांगणीपर्यंत जाऊन येतात. साहेबांचं पोट बघता हे सिद्ध करणं सायकलीला जड गेलं असतं. पण मी गप्प बसलो, कारण अशी सायकल पुन्हा हाताला लागणार नव्हती.

तिचे पार्ट मिळवणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. टायर साधे नव्हते. रिमला गमने चिकटवायचे, आत ट्यूब शिवलेली. शर्यतीत पळणाऱ्या एका ओळखीच्याकडून वापरलेली जोडी मिळवली. मागच्या गियरमधली दोन छोटी दातेरी चाकं झिजून गुळगुळीत झाली होती. ती बदलापूरजवळ मांजर्लीच्या एका टर्नरने नायलॉनच्या दांड्यातून कातून दिली. गेल्या पावसाळ्यात त्याचं लेथ कमरेएवढ्या पाण्यात होतं, तरी त्याने केसाचाही फरक ठेवला नाही. गियर ओढायची खटकी मात्र कुठेच मिळेना. शेवटी नाइलाजाने सायकल टेम्पोत टाकून मी कॅम्पात गेलो, परसरामकडे.

परसराम म्हणजे भंगारवाला. सत्तरीकडे झुकलेला, पांढरा लेंगा-सदरा, चष्म्याच्या एका काडीला सुतळी. दर महिन्याला त्याच रंगाच्या कारखान्यातून पिंपं, जुने शाफ्ट, पाइप उचलायचा. त्याच्यावर त्याचं आणि दोन मुलांचं घर चालायचं. त्याच्या गोडाऊनमध्ये काय नव्हतं हे सांगणं सोपं. मी सायकल दोन दिवस त्याच्याकडे ठेवली, खटकी जुळवून बघायला. तिसऱ्या दिवशी गेलो तर कुठल्याशा बंदराच्या भंगारातून आलेल्या पोत्यातली खटकी त्याने साफ करून तेल घालून ठेवली होती. मी सायकल उचलली तेव्हा तो म्हणाला, "मिस्त्री, एक बात सुन. इटली का माल है. नीचे का कप खोलेगा ना, तो दोनों तरफ सीधी चूड़ी है. अपने जैसा उलटा मत घुमाना."

हे कळायला थोडं समजावून सांगतो. चूड़ी म्हणजे आटे. दोन्ही पॅडलांना जोडणारा आस ज्या आडव्या नळीतून जातो, तिच्या दोन्ही तोंडांना आटे पाडलेल्या वाट्या बसवलेल्या असतात. आपल्या सायकलींत डावी वाटी सुलट्या आट्याची आणि उजवी उलट्या आट्याची, म्हणजे नेहमीच्या नटाच्या विरुद्ध फिरवली की ती सुटते. हे प्रत्येक सायकलवाल्याच्या मनगटात बसलेलं असतं. विचार करावा लागत नाही, आणि तिथेच घोटाळा होतो.

मी परसरामला म्हटलं, "चाचा, तुम भंगार तोलो. चूड़ी मेरे पे छोड़ो." गोडाऊनमधले दोघे हसले. परसराम हसला नाही. त्याने खटकी वर्तमानपत्रात बांधून दिली.

दुकानात आलो. डावी वाटी सहज सुटली. उजवी हटेना. वीस वर्षांचा गंज, मी मनात म्हटलं. रॉकेल सोडलं, नळी तापवली, स्पॅनरवर तीन फुटी पाइप चढवला आणि माझ्या मनगटाला ठाऊक असलेल्या दिशेने सगळं अंग टाकलं. कट् आवाज झाला आणि वाटी फिरली. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने म्हटलं, "सुटली!" पण ती बाहेर येईना, नुसती जागच्या जागी फिरायला लागली. पक्कडीने ओढली तेव्हा आली, आणि तिच्याबरोबर नळीतल्या आट्यांचा चुरा बाहेर आला. नव्या चांदीसारखा चमकणारा.

मी सुटी करत नव्हतो, मी आवळत होतो. आधीच घट्ट बसलेली वाटी मी पाइप लावून आणखी आवळली आणि नळीचे आटे मुळापासून उखडले. उभ्या धंद्यात इतकं मूर्ख काम मी पाहिलं नव्हतं, आणि मी पुष्कळ मूर्ख कामं पाहिली आहेत.

संध्याकाळी साहेब आले. त्यांनी नळीत बोट घातलं. "हे काय?"

खोटं बोलायला विचार करावा लागतो म्हणतात. मला लागला नाही. "दोन दिवस कॅम्पात होती ना, साहेब. त्या परसरामने उचकटून बघितलेली दिसते."

साहेबांनी मान हलवली. माझी इतक्या वर्षांची नाक मुरडायची ख्याती कामी आली. पुढे एक शब्द विचारावा लागला नाही. "भंगारवाला तो भंगारवालाच," ते म्हणाले. "उद्यापासून त्याला गेट बंद."

मला वाटलं होतं, चार शिव्या घालतील आणि विसरतील. त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी फडक्याला हात पुसत उभा राहिलो.

आता नळीला नवे आटे बसवणारा माणूस शोधायचा होता. एका टूलरूमच्या फोरमनने आधी ड्रॉइंग मागितलं, तेही तीन प्रतींत. बदलापूरच्या एका वेल्डरने फ्रेम पाहिली आणि म्हणाला, "अहो, गेट जोडतो तशी जोडून देतो. हत्ती बसला तरी तुटणार नाही." त्या नळ्या इतक्या पातळ की त्याच्या वेल्डिंगने चाळण झाली असती. तिसरा म्हणाला, ही फेका, दुसरी फ्रेम टाका. त्याला मी लांबूनच नमस्कार केला. पूजेला बसलेल्या भटजींना मी इतक्या मनापासून कधी केला नसेल.

शेवटी प्लेटिंगवाल्याने हँडल चमकवून परत देताना विचारलं, "अहो, एवढे का फिरताय? कॅम्पात म्हातारा आहे ना. फाळणीआधी कराचीत सायकलींच्या फ्रेमा बांधायचा. इंग्रज साहेब त्याच्याकडून बांधून घ्यायचे. परसराम नाव."

मी पंधरा वर्षं गुपचूप त्या माणसाकडून नट-बोल्ट घेत होतो. तो फ्रेमा बांधायचा हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

दोन दिवस मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी फ्रेम खांद्यावर टाकून गेलो. गोडाऊन निम्मं रिकामं झालं होतं. परसराम खुर्चीत बसून एका जुन्या कुलपाला कानस मारत होता. त्याने फ्रेम उलटी केली, चष्मा कपाळावर चढवला आणि नळीच्या तोंडावर अंगठ्याचं नख फिरवलं. तिथे वाटीच्या कडेचं गोल वर्तुळ नळीच्या कडेत रुतलं होतं.

"ये ताज़ा है," तो म्हणाला. मग, "खोलने वाले ने कसा है."

सोडवायला गेलेल्यानेच आवळलंय, हे त्याने ओळखलं होतं.

"मेरा गेट इसी में बंद हुआ ना?"

"हां, चाचा."

मला वाटलं आता शिव्या देईल. मला त्या हव्या होत्या, खरं सांगतो. त्याने शिव्या दिल्या नाहीत. फ्रेम भिंतीला टेकवून म्हणाला, "गुरुवार को आ."

"चाचा, मी साहेबांना सांगतो. उद्याच जाके बोलता हूँ."

"वो तेरा काम है. मेरा काम चूड़ी का है. साइकिल ने किसी का क्या बिगाड़ा है?"

मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. सायकल होऊ दे, मग सांगू, असं स्वतःला समजावलं. बुधवारी मात्र राहवेना म्हणून त्याचं काम बघायला गेलो. त्याने नळीचा खराब भाग बोअर करून मोठा केला होता आणि मापात बसणारी पोलादी नळी कातून आत सरकवली होती. मग गॅसच्या निळ्या ज्योतीने, जराही घाई न करता, चांदीचं सोल्डर सांध्यातून असं फिरवलं की ते पाण्यासारखं आत ओढलं गेलं. बाहेर थेंब आला नाही. हात म्हाताऱ्याचे होते, पण ज्योत धरल्यावर थरथर थांबायची. थंड झाल्यावर आतून आटे पाडले, आणि जुनी इटालियन वाटी दोन बोटांनी फिरवत शेवटपर्यंत नेली. मी चाकं बांधतो म्हणून मिरवायचो. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

शेवटी त्याने पंच आणि हातोडी घेतली आणि नळीच्या खालच्या बाजूला, उजव्या तोंडाजवळ, एक छोटा बाण ठोकला. वाटी सुटायच्या दिशेने.

"ये किसलिए, चाचा?"

"तेरे जैसों के लिए."

फेब्रुवारीत ब्रुनो साहेब आले. पांढरे केस, उन्हाने लाल झालेलं नाक, वय झालेलं तरी पाय अजून सायकलवाल्याचे. सकाळी ते बदलापुराहून बारवीच्या रस्त्याला निघाले, मागे सबनीस साहेबांची जीप, जीपमध्ये पंप आणि पाने घेऊन मी. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरं होती. म्हातारा चढावर उभा राहून पॅडल मारत होता आणि सायकलीतून चेनच्या खसखशीशिवाय आवाज नव्हता. साहेब सारखे म्हणत होते, "पाहा, किती छान ठेवली आपण." मी जीपच्या खिडकीतून बाहेर बघत होतो.

धरणाजवळ ब्रुनो साहेब उतरले. सायकल उलटी करून चाक फिरवलं, ते सरळ फिरताना बघून मान डोलावली. मग खाली वाकून बाण पाहिला. आधी हसले, मग नळीच्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि हसणं थांबवून इंग्रजीत काहीतरी विचारलं. साहेबांनी माझ्याकडे हात केला. ब्रुनो साहेब येऊन माझा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

हीच वेळ होती. मी म्हटलं, "साहेब, त्यांना सांगा, हे काम माझं नाही. परसरामचं आहे. आणि आटे त्याने नाही, मी घालवले. उलटी फिरवली मी. तुम्हाला खोटं सांगितलं."

सबनीस साहेब माझ्याकडे बघून कौतुकाने हसले, आणि ब्रुनो साहेबांना इंग्रजीत एक वाक्य बोलले. मी सातवी पास. वाक्य कळलं नाही, पण त्यातला जोर देऊन म्हटलेला एक शब्द मी पाठ करून ठेवला आणि परतल्यावर कारखान्याच्या टाइमकीपरला विचारला.

"मॉडेस्ट," तो म्हणाला. "म्हणजे विनम्र. स्वतःचं श्रेय दुसऱ्याला देणारा."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं पुन्हा सांगितलं. पाइप, रॉकेल, चुरा, सगळं. साहेबांनी चहा मागवला. "मिस्त्री, तुझं मन मोठं आहे. पण तू त्याची बाजू कशाला घेतोस? तूच म्हणायचास ना, कॅम्पातला माल, वाजला तर नशीब? वीस जणांसमोर म्हणायचास. मीच ऐकलंय." मी म्हटलं, तेही खोटं होतं. ते म्हणाले, "बस, बस. चहा घे." गेट उघडलं नाही.

कॅम्पात गेलो. परसराम कुलपालाच कानस मारत होता, बहुतेक दुसऱ्या.

"बोला?"

"बोला, चाचा. दो बार बोला."

"माना?"

"नहीं माना."

त्याची कानस थांबली नाही. "झूठ एक बार में मान गया, सच दो बार में नहीं माना. झूठ में मेहनत ज्यादा की होगी तूने."

त्या गेटमधून तो पुन्हा कधी आत गेला नाही. थोरला मुलगा फर्निचरवाल्याकडे लागला, धाकटा कुठे मुंबईला. मी माझ्याकडच्या फ्रेमच्या सगळ्या दुरुस्त्या त्याच्याकडे पाठवू लागलो. गिऱ्हाईक म्हणायचं, "नको मिस्त्री, कॅम्पात नको, तुम्हीच करा." वर्षानुवर्षं मीच शिकवलेला धडा ते मला म्हणून दाखवायचं. काही जणांना मी खोटं सांगितलं की मीच करतो, आणि गुपचूप त्याच्याकडून करून आणलं. पाहा, खरं काम करायलाही मला खोटंच लागायचं.

नव्वदच्या पुढे काही वर्षांनी साहेब निवृत्त झाले आणि नागपूरला मुलीकडे निघाले. निघायच्या आदल्या दिवशी जीप पुन्हा दुकानासमोर आली. ब्रुनो साहेब परत गेल्यापासून सायकल कांद्याच्या पोत्यांखालीच गेली होती. "ही तू ठेव," साहेब म्हणाले. "तुझ्यासारखा माणूस मी कारखान्यात तीस वर्षांत पाहिला नाही." खोटेपणाबद्दल मला मिळालेलं हे बक्षीस. इतकं मोठं बक्षीस चांगुलपणाबद्दल कुणाला मिळालेलं मी ऐकलेलं नाही.

मी ती साफ केली आणि तिच्यावर बसून नाही, हातात धरून, अंबरनाथहून कॅम्पापर्यंत चालत गेलो. परसराम तेव्हा खाटेवर होता. श्वास लागायचा. म्हटलं, "चाचा, ये तुम्हारी है. खरं तर तुमचीच आहे."

त्याने मुलाला सायकल उलटी करायला सांगितली, हात लांबवून उजवी वाटी हलवून पाहिली. हलत नव्हती. बाणावर अंगठा ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "नहीं. तू ले जा. घर में ऐसी जगह रख कि रोज़ दिखे."

त्याच हिवाळ्यात तो गेला. दुकान विकून मलाही आता काही वर्षं झाली. सायकल आमच्या हॉलमध्ये भिंतीला टांगली आहे, मुद्दाम उलटी, म्हणजे बाण वर दिसेल अशी. सूनबाई म्हणतात, सरळ टांगा, शोभा जाते. आलेले पाहुणे विचारतात, "खरंच इटालियन का हो?" मी म्हणतो, बाकी सगळी इटालियन. उजवीकडचा आटा तेवढा कॅम्पातला आहे, आणि तो अजून घसरलेला नाही.